जर्मन बाईंचे आजोबा

आमच्या घरी आलेल्या माणसाला पहिला प्रश्न असे, "मूळ गाव कोणतं?" विचारणारे अण्णा, म्हणजे माझे वडील. ते नाशिकचे क्षेत्रोपाध्ये. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, श्राद्धाला, अस्थी घेऊन किंवा नुसतं स्नानाला आलेल्या कुळांची नावं आमच्या घरच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली होती. यजमानाने आडनाव आणि मूळ गाव सांगायचं, अण्णांनी त्या गावाच्या वहीचं बासन सोडायचं आणि पणजा-खापरपणजापर्यंतची नावं खड्या आवाजात वाचून दाखवायची. मग यजमान घरात नव्याने जन्मलेल्या मुलांची नावं खाली घालून सही करी. सही येत नसेल तर अंगठा उठवी. मुलांची म्हणजे मुलग्यांची. लेकींना त्या वह्यांत जागा नव्हती. अण्णांची एकुलती एक लेक असूनही मी त्यांत नव्हते, आणि त्यावरून त्यांना टोमणे मारायची एकही संधी मी सोडत नसे.

"तुझं नाव सासरच्या वहीत येईल," ते म्हणत. तिथेही येत नाही, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. शिवाय सासर अजून व्हायचं होतं. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि त्या काळच्या समजुतीप्रमाणे माझं लग्नाचं वय मागे पडत चाललं होतं.

अशा घरी एक जर्मन बाई आपल्या आजोबांचा शोध घेत आली, असं मी सांगते तेव्हा लोकांना ती थाप वाटते.

तिचा नवरा इंजिनियर होता. विहिरींवर बसवायची तेलाची इंजिनं विकणाऱ्या एका जर्मन कंपनीने त्याला इकडे पाठवलं होतं. विंचूर, देवळा असा तो मळ्यामळ्यांतून फिरायचा, इंजिनं बसवून द्यायचा आणि शेतकऱ्यांनी ती बिघडवून ठेवली की पुन्हा जाऊन दुरुस्त करायचा. गंगापूर रोडला त्यांनी बंगली भाड्याने घेतली होती. तेव्हा तो रस्ता म्हणजे गावाबाहेर. दोन्ही बाजूंना पेरूच्या बागा, आणि दिवस कलला की टांगेवाला तिकडे यायला कुरकुर करी. नवरा फिरतीवर, मूलबाळ नाही, तेव्हा बाईने मराठी शिकायचं मनावर घेतलं. शाळेतल्या कुणीतरी माझं नाव सुचवलं.

मी शिकवायला गेले तेव्हा तिला थोडं मराठी आधीच येत होतं, पण ते सगळं स्वयंपाकीणबाईकडून उचललेलं. त्यामुळे ती लहानथोर सगळ्यांना 'तू' म्हणायची. कलेक्टर कचेरीतल्या शिरस्तेदारांनाही तिने "तू बस" म्हटलं होतं. आमच्या घरी पहिल्यांदा आली तेव्हा अण्णांना म्हणाली, "अण्णा, तू कसा आहेस?" माझ्या घशात चहा अडकला. अण्णा मात्र खूश झाले. त्यांना 'तू' म्हणणारं माणूस कित्येक वर्षांत उरलं नव्हतं. मी तिला पुढे 'तुम्ही' शिकवलं, पण अण्णांपुरतं तिने ते कधी लावून घेतलं नाही आणि अण्णांनीही मला ताकीद दिली की उगाच मास्तरकी करू नकोस.

हे सगळं खरं असलं तरी तिचा चहाचा कप आमच्याकडे ओसरीवरच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे, हेही खरं. ती तो स्वतः विसळून पालथा घाली. मला फार शरम वाटायची. तिला काय वाटायचं ते तिने कधी कळू दिलं नाही.

एकदा ती ओसरीवर बसलेली असताना देवळ्याकडचं एक शेतकरी कुटुंब आलं. म्हातारा, त्याचे दोन मुलगे, सुना. अण्णांनी बासन सोडलं आणि नावं वाचायला सुरुवात केली. एका नावाशी म्हाताऱ्याने हात वर करून त्यांना थांबवलं.

"मना आजाबी आठेच उना व्हता?"

"इथंच आला होता. हा बघा त्याचा अंगठा."

म्हाताऱ्याने त्या फिकट निळ्या ठशावर आपला अंगठा हळूच ठेवला. मग डोक्याचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि रडायला लागला. कुणी त्याची समजूत घातली नाही, कारण आमच्या ओसरीवर हे नेहमीचंच होतं. जर्मन बाई मात्र एकटक बघत राहिली. ती माणसं गेल्यावर ती अण्णांना म्हणाली, "माझे पण शोधून दे."

आधी आम्हाला ती गंमत वाटली. मग तिने सांगितलं ते ऐकून गंमत राहिली नाही. तिचा एक धाकटा भाऊ तिकडे लहानशा गावात सरकारी शाळेत मास्तर होता. आईवडील गेलेले, सख्खं म्हणावं असं या दोघांना एकमेकांशिवाय कुणी नव्हतं. तिकडे नवं सरकार आल्यापासून सरकारी नोकराला आपले दोन्हीकडचे आजी-आजोबा कोण, हे दाखल्यांनिशी सिद्ध करावं लागत होतं. त्यांत एकही ज्यू निघाला की नोकरी गेली. भावाने चर्चच्या नोंदी मागवून तिघांचे दाखले गोळा केले होते. अडलं होतं ते वडिलांच्या वडिलांपाशी. त्यांच्या लग्नाची नोंद होती, मृत्यूची होती, जन्माची कुठेच नव्हती. भावाला दोन मुलं, बायको पुन्हा बाळंतपणाला टेकलेली. शाळेचे अधिकारी रोज विचारत होते. त्या आजोबांची बायको, म्हणजे आजी, शेवटपर्यंत हिच्याजवळ राहिलेली, म्हणून त्याने हिला विचारलं होतं की तुला काही आठवतं का.

अण्णांनी हे काम असं हाती घेतलं की जणू ती देवळ्याचीच यजमानीण आहे. ओसरीवर खडूने आडनाव लिहायला लावलं, त्याचा अर्थ विचारला. ते आडनाव एका गावावरून पडलेलं होतं. आपण गावाच्या नावापुढे 'कर' लावतो तसं त्यांच्याकडेही शेपूट लावतात. ओढ्याकाठी एका जातीची झाडं होती, त्या झाडांवरून गाव आणि गावावरून माणसं.

"मग अडचण कसली?" अण्णा म्हणाले. "गाव मिळालं म्हणजे कूळ मिळालं. त्या गावच्या उपाध्यायाला पत्र घाला."

उपाध्याय म्हणजे तिथला पाद्री. भावाने त्याला पत्र आधीच घातलं होतं. त्या आडनावाचं घर गावात फार जुनं होतं. पिठाची चक्की चालवायचे ते. ओढ्याच्या पाण्यावर चालणारी. घराण्यातल्या सगळ्यांच्या जन्माच्या नोंदी चर्चमध्ये व्यवस्थित होत्या. नव्हती ती एवढ्या एकाचीच.

अण्णांनी पुष्कळ विचार केला. त्यांच्या धंद्यात अशी खिंडारं नेहमी येत. शेवटी ते म्हणाले, "कूळ त्या गावचं आहे आणि हा एकटा तिथे जन्मलेला नाही. म्हणजे हा बाहेरून आला."

बाई उठली. कोनाड्यातला कप घेऊन विसळायला लागली. विसळून झालेला कप तिने पुन्हा विसळला, तेव्हा मला कळलं की हिला ठाऊक आहे.

तिने मला इंग्रजीत सांगितलं ते असं. एका हिवाळ्यात सुया-फिती विकत फिरणारा एक फेरीवाला त्या चक्कीवाल्याच्या दारी आजारी होऊन आला. त्याच्याबरोबर एक लहान मुलगा होता. फेरीवाला तबेल्यात गवतावर मेला. चक्कीवाल्याला मूल नव्हतं. नवराबायकोने तो मुलगा ठेवून घेतला, लांबच्या कुठल्यातरी गावी नेऊन त्याचा बाप्तिस्मा करवला आणि आपलं आडनाव दिलं. तेच हिचे आजोबा. आजीने मरायच्या आधी हे हिला एकटीला सांगितलं होतं आणि कुणाजवळ बोलू नकोस असंही बजावलं होतं.

"फेरीवाला कोण होता? म्हणजे कोणत्या धर्माचा?" मी विचारलं.

"ठाऊक नाही. आमच्याकडे फेरीवाले पुष्कळदा ज्यू असत."

मी अण्णांना हे सांगितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. मला तो चेहरा अजून दिसतो. हरवलेली किल्ली खिशातच सापडावी तसे ते हसले.

"अगं, मग दत्तक म्हण ना. एवढं काय लपवायचं त्यात?"

आणि मग त्यांनी तिला स्वतःची गोष्ट सांगितली. मी ती अनेकदा ऐकलेली होती. अण्णा स्वतः दत्तक होते. देवळ्याजवळच्या एका खेड्यात कुणा गरीब भिक्षुकाकडे जन्मलेला मुलगा. या घरी मूल नाही म्हणून इथे दिलेला. विधी झाला, देणाऱ्याने घेणाऱ्याच्या हातावर पाणी सोडलं आणि त्या घटकेपासून जुनं गोत्र सुटलं, नवं लागलं. "या वहीत माझ्यामागे ज्यांची नावं आहेत, त्यांच्या रक्ताचा एक थेंब माझ्या अंगात नाही," अण्णा म्हणाले. "पण त्यांना पिंड देतो तो मीच. आजवर एका यजमानाने विचारलं नाही की तू कुठला. तुझे आजोबा चक्कीवाल्याचे. त्यांच्या आधीचं सगळं पुसलं गेलं. भावाला लिही, आजोबा दत्तक होते. तिथल्या अधिकाऱ्यांना दत्तक समजत नसेल तर त्यांना समजावून सांगायला सांग."

मी तिला हे सगळं इंग्रजीत नीट समजावलं, आणि समजावताना मलाही ते पटत गेलं. आमच्याकडे राजघराणी दत्तकावर चालतात, कोर्टात दत्तक चालतो, मग जर्मनीतल्या एका शाळेत का चालू नये? बाईच्या मनावरचं ओझं उतरलेलं स्पष्ट दिसत होतं. आजीने लपवायला लावलेली गोष्ट लपवण्यासारखी नव्हतीच, असं एक वडीलधारं माणूस तिला सांगत होतं. तिने भावाला पत्र लिहिलं. टपालात टाकायला आम्ही दोघी बरोबर गेलो आणि येताना तिने मला गरम जिलेबी खाऊ घातली.

उत्तर यायला फार दिवस लागले. ते घेऊन ती आली तेव्हा तिने चप्पलही काढली नाही, ओसरीच्या पायरीवरच बसली.

भावाने तिचं पत्र भाबडेपणाने शाळेच्या अधिकाऱ्यापुढे ठेवलं होतं. आजोबा दत्तक होते हे वाचून त्या अधिकाऱ्याने चक्कीवाल्याचं नाव खोडलं आणि विचारलं, हे राहू दे, याला जन्म कुणी दिला ते सांगा. फेरीवाला कळला तेव्हा पुढचं त्याने विचारलंच नाही. भावाला शाळेत यायची मनाई झाली. चौकशी चालू होती. आता एकच मार्ग होता. बहिणीने मुंबईला जाऊन त्यांच्या वकिलातीत शपथेवर लिहून द्यायचं की ही गोष्ट म्हणजे आजीची भ्रम झाल्यावरची बडबड आहे, असा कुणी फेरीवाला नव्हता, आजोबा चक्कीवाल्याच्या पोटचेच. गावातले दोन म्हातारे तसं सांगायला तयार होते. "तू लिहून दिलं नाहीस तर माझी मुलं काय खातील ते मला कळव," असं शेवटचं वाक्य होतं.

अण्णांना हे समजावून सांगताना माझ्या नाकी नऊ आले. ज्यू म्हणजे कोण हे त्यांना ठाऊक होतं. आमच्या शाळेचे ड्रिलमास्तर बेने इस्राएल, म्हणजे इकडचेच ज्यू, होते. शनिवारी ते कामाला हात लावत नसत, त्यांचं आडनाव कोकणातल्या एका गावावरून, करकारान्त, आणि मराठी आमच्याइतकंच चोख.

"ड्रिलमास्तरांसारखा आजोबा असला म्हणून नोकरी जाते?" अण्णांनी विचारलं.

"हो."

"आणि दत्तक घेतला त्याचं काय?"

"ते तिकडे धरत नाहीत, अण्णा. जन्म कुणाच्या पोटी झाला तेवढंच बघतात."

त्यांच्या सगळ्या जगण्याचा पाया कुणीतरी दूरदेशी बसून एका रेघेने खोडला होता, आणि त्यांच्या सल्ल्यामुळे एक मास्तर घरी बसला होता. मला त्या अधिकाऱ्याचा इतका संताप आला की मी त्याला मराठीत नको ते बोलले. बाईला ते शब्द मी शिकवलेले नव्हते, तरी कळले असावेत.

ती मात्र रडत होती ती वेगळ्याच गोष्टीसाठी. "आजोबांनी मला पोहायला शिकवलं," ती म्हणाली. "ते मला सांगायचे, माझा बाप खूप चालायचा. मला वाटायचं चक्कीवाला कशाला चालेल? आता लिहू, की तो बाप नव्हताच?"

तेव्हा अण्णांनी मला कधीच न सांगितलेली गोष्ट तिला सांगितली. मी वाक्यावाक्याला इंग्रजी करत होते.

"मला या घरी आणलं त्याच्या पुढच्या वर्षी माझी आई पर्वणीला नाशकात आली. जन्म देणारी आई. घाटावर मला ती बायकांच्या घोळक्यात दिसली. मी धावत गेलो आणि पदर धरला. तिने माझ्या मुठीतून पदर सोडवून घेतला. म्हणाली, 'बाळ, तू चुकलास. मी तुझी कुणी नाही. तुझी आई घरी वाट बघत असेल, जा.' आणि पाठ फिरवून गेली. ती खोटं बोलली. मला चांगलं घर मिळालं होतं, ते माझ्या रडण्याने जाऊ नये म्हणून बोलली. तिला तेव्हा काय झालं असेल, याचा विचार मी या वयातही पुरा करू शकत नाही." मग ते म्हणाले, "लिहून दे, पोरी. आजोबा गेले, त्यांचं आता कुणी काही हिरावून घेऊ शकत नाही. भाऊ जिवंत आहे."

ती मुंबईला गेली आणि शपथेवर सही करून आली. पुढे भाऊ शाळेत परत रुजू झाला. त्याची पत्रं येत, पण आखडती; हवा, मुलांचे खोकले, नाताळच्या शुभेच्छा. आभाराचा शब्द त्यांत नव्हता आणि आजोबांचाही नव्हता. तीही आजोबांबद्दल बोलेनाशी झाली. आम्ही मराठीची पुस्तकं वाचायचो, आणि आज्या-पणज्यांचा धडा आला की मी पान उलटायचे.

मग युद्ध पेटलं. इथले सगळे जर्मन पुरुष सरकारने धरले, त्यांत तिचा नवराही. त्याला नगरच्या छावणीत नेलं. तो त्या वेळी विंचूरला कुणाचंतरी इंजिन खोलून बसला होता आणि पोलिसांना म्हणाला, एवढं जोडून येतो. पोलिसांनी जोडू दिलं. तिला घरी राहायची मुभा होती, पण ठाण्यावर हजेरी लावावी लागे. लोक तिला टाळायला लागले. अण्णा मात्र तिच्या घरी जाऊन आले. कुणाच्याही घरचं पाणी न पिणारा तो माणूस तिच्याकडे चहा प्याला, आणि घरी येऊन आंघोळ केली नाही.

थोड्या दिवसांनी पुण्याहून एक गोरा अधिकारी चौकशीला येणार म्हणून निरोप आला. तिने मला सोबतीला बोलावलं. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. अधिकारी वयस्कर होता, बोलायला सभ्य होता. त्याने पुष्कळ प्रश्न विचारले. तिने सरळ उत्तरं दिली. शेवटी त्याने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला की ज्यांना खुद्द त्यांच्याच सरकारने छळलं असतं, अशा माणसांना आम्ही मोकळं सोडतो आहोत. तुमच्या किंवा तुमच्या नवऱ्याच्या घराण्यात कुणी ज्यू आहे का? आई, वडील, आजी, आजोबा? नुसतं तोंडी सांगितलंत तरी मी टिपून घेईन. तुमच्या नवऱ्याचं काम पुष्कळ सोपं होईल.

मी तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"नाही," ती म्हणाली. "कुणी नाही."

तो गेल्यावर मी तिच्यावर ओरडले. खरंच ओरडले. म्हटलं, टपाल बंद आहे, भावाला कळायचा रस्ता नाही, त्याच्या केसालाही धक्का लागणार नाही. आणि यात खोटं काय होतं? खरं तेच सांगायचं होतं. तारांच्या आत नवरा बसलाय त्याचा तरी विचार करायचा होता.

तिने माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग मराठीत, तिच्या त्या 'तू'च्या मराठीत म्हणाली, "भावासाठी मी आजोबांना सांगितलं, तू कुणी नाहीस, तुझा बाप कुणी नाही. आता नवऱ्यासाठी सांगू, ये, आज मला तू पाहिजे आहेस?"

मला तिचा राग आला होता, तो कुठे गेला ते कळलं नाही. मी तिला जवळ घेतलं आणि आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो.

तिचा नवरा युद्ध संपेपर्यंत सुटला नाही.